तीन टन माती

“भाऊ, आपल्या स्लॅबला वजन किती सोसतं?”

मालनताईंनी दारातूनच विचारलं. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली दुपार होती. त्या आत आल्या नाहीत, चौकटीला खांदा टेकून उभ्या राहिल्या. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्यात आमची तीन मजली, बिनलिफ्टची जुनी इमारत आहे. नोकरीत असताना मी एका काँट्रॅक्टरच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो, त्यामुळे कुणाचं बाथरूम गळो की कुणाला भिंत पाडायची असो, माणसं आधी माझ्याकडे येतात. मला वाटलं, पाण्याची टाकी बसवायची असेल. विचारलं, काय ठेवायचंय?

“माती,” त्या म्हणाल्या.

आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट खोल. याहून कमी चालणार नाही असं डॉक्टर म्हणतेय, आणि ती पंधरा दिवसांच्या आत हवीय. मी कागद घेतला. चौसष्ट घनफूट ओली माती म्हणजे तीन टनांच्या घरात. आमचा स्लॅब जुना, दोन ठिकाणी सळया दिसतात. तेवढ्या जागेवर सहाशे किलो ठेवतानासुद्धा मी दोनदा विचार केला असता. मी कागद त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, मालनताई, खालच्या मजल्यावरच्या माणसांच्या अंगावर जाईल सगळं.

त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. “वाटलंच होतं मला,” म्हणाल्या आणि समोरच्या आपल्या दारात शिरल्या.

हे सगळं एका घोरपडीसाठी चाललं होतं. पण आधी मालनताईंबद्दल सांगायला हवं.

मालनताई मूळच्या देवगडकडच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या आणि पालिकेच्या प्रसूतिगृहात आया म्हणून लागल्या. एकतीस वर्षं तिथे काढली. बाळंतिणींना धरणं, फरशी पुसणं, बाळं धुऊन पुसून कपड्यात गुंडाळणं, रडणाऱ्या नवऱ्यांना जिन्यात नेऊन बसवणं, सगळं केलं. त्या फार बोलत नसत. माझी बायको सुलक्षणा सांगते, आमच्या थोरलीच्या वेळी रात्रभर मालनताईच तिच्या कमरेला हात लावून उभ्या होत्या, आणि सकाळी एक शब्द न बोलता ड्युटी संपवून गेल्या.

त्यांचे यजमान दत्ताराम. त्यांचे वडील गिरणीत होते. दत्ताराम मात्र भांडुपच्या एका कंपनीत वायरमन. हाताला सफाई इतकी की इमारतीतल्या निम्म्या घरांचं वायरिंग त्यांनीच केलेलं. मालनताई रिटायर झाल्यावर दोघं गावाला घर दुरुस्त करून वर्षातले सहा महिने तिथे राहणार होती. रिटायर होऊन चार महिने झाले आणि दत्तारामना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळून तुटक झालं. त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. आमची दोन्ही घरं दुसऱ्या मजल्यावर. झटका आल्यापासून दत्ताराम दोनदा हॉस्पिटलात गेले, तेवढेच काय ते जिना उतरले.

आणि तिसरं माणूस म्हणजे मुलगा सुबोध. एसीच्या कामातला. त्यानेच त्या फेब्रुवारीच्या सात वर्षं आधी एका मित्राकडून बुटांच्या खोक्यातून ते पिल्लू आणलं, वीतभर लांबीचं. आपल्याकडच्या रानातली घोरपड नव्हे ती. ती पाळणं गुन्हा आहे. ही आफ्रिकेतली जात. पुढे अशा परदेशी प्राण्यांची सरकारी नोंद करायची वेळ आली तेव्हा सुबोधने ती केली, आणि तो कागद लॅमिनेट करून दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यांनी ठोकला. कारण मध्ये एकदा कुणीतरी वनखात्याला फोन केला होता. माणसं आली, कागद बघितला, प्राणी बघितला, चहा न घेता गेली.

सुबोधने तिचं नाव रॉकी ठेवलं होतं. त्याच्या तोंडी ‘तो रॉकी’. मालनताई मात्र पहिल्यापासून ‘ती’ म्हणायच्या. घोरपड म्हटल्यावर ‘तो’ कसं म्हणायचं, एवढाच त्यांचा हिशेब.

या सगळ्याच्या दोन वर्षं आधी सुबोध कतारला नोकरीला गेला. जाताना म्हणाला, सहा महिन्यांत याची काहीतरी सोय करतो. तोवर ती साडेतीन फुटांची झाली होती, शेपटी धरून. चार फुटांची काचेची पेटी तिला पुरेनाशी झालेली. सोय काही झाली नाही. मालनताई पहाटे पाचला पाण्यासाठी उठायच्या. मग दत्तारामना उठवणं, पुसणं, कूस बदलणं, हात-पाय हलवून घेणं, चमच्याने पेज भरवणं. ते आटोपलं की पेटीतली घाण काढणं, पाण्याचा टब घासणं, उकडलेलं अंडं नाहीतर कोंबडीचे तुकडे टाकणं. सुलक्षणाने एकदा त्यांना विचारलं होतं, तुम्हाला भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, भीती नाही आणि मायाही नाही. जीव आहे, उपाशी कसा ठेवू.

दत्तारामना मात्र तिचा सहवास होता. सकाळी अकराच्या सुमाराला त्यांच्या खाटेवर खिडकीतून ऊन यायचं. मालनताई पेटीचं दार उघडत. घोरपड खाली उतरून फरशीवरून सावकाश यायची आणि खाटेच्या पायाशी उन्हात पसरायची. दोघं तासभर तशी पडून असत.

जानेवारीच्या अखेरीस तिने खाणं सोडलं. दिवसभर पेटीचा कोपरा नखांनी उकरायची. काचेवर नाक घासून घासून ते सोललं. रात्री त्या आवाजाने दत्ताराम जागे राहायचे, आणि ते जागे म्हणून मालनताई जाग्या. पाच-सहा दिवस त्यांनी पाहिलं. मग भाजीचं मोठं क्रेट घेतलं, तिला जुन्या घोंगडीत गुंडाळून त्यात घातलं, वरून दोरी बांधली आणि रिक्षाने भांडुपला गेल्या. तिथे डॉक्टर कल्पिता म्हणून एक तरुण बाई आहेत. पक्षी, कासवं, साप असं बघतात. त्यांनी पोट दाबून पाहिलं, एक्स-रे काढला आणि पडद्यावर लावला. पोटभर गोल गोल सावल्या.

मालनताईंनी नंतर हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा बदलला. “मी डॉक्टरांना म्हटलं, मला दिसतच होतं. ही अडलीय.”

डॉक्टरांनी समजावलं ते असं. नर नसला तरी या मादीच्या पोटात अंडी तयार होतात. ती घालायला तिला खोल, उबदार, दमट माती लागते. भोक पाडून आत शिरेल, भोक ढासळणार नाही, अशी. तशी जागा मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते, आणि मग ती आतच कुजतात. ऑपरेशन करता येईल, पण सात वर्षं अंडी आणि कोंबडी खाऊन तिच्या अंगावर चरबी चढलीय, भूल दिल्यावर ती उठेलच असं नाही. डॉक्टरांनी स्वतः दोन संस्थांना फोन केले. दोन्हीकडे जागा नव्हती, महिनाभराने विचारा म्हणाले. तेव्हा जे करायचं ते पंधरा दिवसांत, आणि जमलं तर आधीच.

मी स्लॅबचं नाही म्हटलं, त्या संध्याकाळी त्यांनी सुबोधला फोन लावला. आमची दारं समोरासमोर, उघडी. मला ऐकू येत होतं. सुबोध म्हणत होता की वसईकडचा एक माणूस तिला घ्यायला तयार आहे, उद्याच गाडी पाठवेल, तू कशाला मरतेस तिच्यासाठी. मालनताईंनी विचारलं, त्याच्याकडे माती आहे? सुबोध म्हणाला, ते तो बघेल. त्यांनी विचारलं, तिच्या पोटात काय आहे ते सांगितलंस त्याला? सुबोध पुन्हा गाडीचंच बोलू लागला.

“सुबोध,” त्या म्हणाल्या, “दिवस भरलेली बाई मी कधी दारातून परत पाठवली नाही. ड्युटी संपली असली तरी नाही. आता मी दमलेय म्हणून पाठवू?”

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ ओट्याशी नुसत्या उभ्या होत्या. गॅसही पेटवला नाही. सुलक्षणा दोन ताटं वाढून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हितेशकडे गेल्या. हितेशची तळमजल्यावर खोली आहे, आमच्याच इमारतीत, मागच्या बाजूला. तो स्वतः पश्चिमेला राहतो, वह्या-कागदाचा धंदा, ही खोली गोदामासारखी वापरतो. तळमजल्याला ओल येते, पावसाळ्यात एक-दोनदा पाणीही शिरतं, त्याचे वह्यांचे गठ्ठे खराब होतात. गेली दोन-तीन वर्षं तो मालनताईंच्या मागे होता की तुमची वरची खोली मला द्या, माझी खालची तुम्ही घ्या, दत्तारामभाईंनाही बरं पडेल. त्या दर वेळी नाही म्हणायच्या. वरची खोली म्हणजे सव्वीस वर्षांचं घर. शिवाय खाली डास, उंदीर, ओल. दत्तारामना ओल सोसणार नाही अशी त्यांना भीती. आणि खरं सांगायचं तर सामान हलवायचं म्हटलं की त्यांना धाप लागायची.

आता त्यांनी हितेशला एकच विचारलं, खाली स्लॅब आहे का? तो गोंधळला. मला फोन केला. मी सांगितलं, तळमजल्याच्या खाली कोबा आणि त्याखाली जमीन. तिथे तीन काय, दहा टन ठेवा.

दोघांमधला कागद मीच लिहून दिला. सध्या वर्षभरासाठी अदलाबदल, जमलं तर पुढे कायमची. कमिटीतल्या एकाने तक्रारीचं पत्र दिलं की आता खाली प्राणी ठेवणार, वास येणार, लहान मुलं खेळतात. ते पत्र मी फायलीत इतर कागदांच्या खाली ठेवलं आणि पुढच्या मीटिंगपर्यंत काढलं नाही. सेक्रेटरीने असं करू नये. मी केलं.

सामान दोन दिवसांत खाली आलं. इमारतीच्या मागे परांची बांधून प्लास्टरचं काम चाललं होतं, तिथला गवंडी भीमराज आणि त्याची माणसं मदतीला आली. शेवटी राहिले दत्ताराम. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, कमरेला चादर बांधली, दोघांनी मागून, दोघांनी पुढून धरलं. मालनताई एकेक पायरी पुढे उतरत होत्या, त्यांच्याकडे तोंड करून. तळाशी मीटरच्या बोर्डापाशी आल्यावर दत्तारामनी डावा हात वर केला. सगळे थांबले. वाटलं, चक्कर आली. मालनताईंनी त्यांच्या तोंडाशी कान नेला. मग मला म्हणाल्या, “उघडी आहे म्हणतायत. वायर.” मी बोर्डाखाली वाकून पाहिलं. खरंच एका जोडाची पट्टी सुटून तांबं दिसत होतं. त्यावर पट्टी मारून झाली, दत्तारामनी मान हलवली, तेव्हा खुर्ची पुढे निघाली.

मग घराचं काम सुरू झालं. घोरपडीच्या घराचं.

खालच्या जागेत दोन खोल्या. मागच्या खोलीला एक दार आहे, ते इमारतीच्या मागच्या मोकळ्या पट्टीत उघडतं. त्या खोलीची एक अख्खी भिंत मालनताईंनी देऊन टाकली. मी कागदावर आखून दिलं. भीमराजने आधी विटांचा एक थर देऊन त्यावर सिमेंटचा कोबा घातला, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरलं तरी माती बुडणार नाही. मग चारी बाजूंनी सव्वादोन फुटांची विटांची भिंत, आतून जाड प्लास्टिक. त्यावर तीन फूट उंच पेटी. तीन बाजूंना हितेशने टाकून दिलेल्या रॅकचं प्लाय, समोर काचेची सरकती दारं. जाळी लावू का, असं भीमराजने विचारलं होतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, जाळी मुळीच नको, ती नाक फाडून घेईल.

माती कुठून आणायची हा घोळ झाला. नर्सरीच्या मातीत काय काय खत मिसळलेलं असतं, बांधकामावरच्या मातीत सिमेंट. मालनताईंच्या बरोबर आया म्हणून काम केलेली मथुरा गोराईला राहते. घरामागे थोडं शेत आहे, भाजी लावते. मालनताई एका दुपारी, दत्तारामना सुलक्षणाच्या हवाली करून, गोराईला गेल्या, माती हातात घेऊन पाहून आल्या. ओंजळभर माती रुमालात बांधून आणून त्यांनी डॉक्टरांना दाखवली. डॉक्टर म्हणाल्या, बरी आहे, थोडी रेती मिसळा. दोन दिवसांनी टेम्पो आला. शंभरावर पोती. मथुराच्या मुलांनी भरून दिलेली. त्या मातीत गांडुळं होती, शंखाच्या गोगलगायीही होत्या. ते काढू नका, डॉक्टर म्हणाल्या, ते तिचं जेवण आहे.

पोती भीमराजच्या माणसांनी रिकामी केली, पण माती मळली मालनताईंनी. पाणी घालायचं, फावड्याने खालवर करायची, मूठ दाबून बघायची. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे, पाणी गळता कामा नये. पहिल्यांदा पाणी जास्त झालं. चिखल. दोन दिवस टेबल फॅन लावून, सारखी परतून ती सुकवावी लागली. मग पुन्हा थर थर घालून पायांनी दाबायची, गावाला खळं चोपतात तशी. साडीचा ओचा खोचून एकसष्ट वर्षांची बाई त्या हौदात उभी राहून पाय आपटतेय, भिंतीला धरून. मध्येच थांबायची, डोळे मिटायची, पुन्हा सुरू. मी म्हटलं, भीमराजचा माणूस करील की. त्या म्हणाल्या, तो दगड करून ठेवील, तिला उकरता यायला हवं. तांदळाच्या भाकरीची उकड जशी हाताला कळते, तशी ही त्यांच्या पायाला कळत होती, असं त्यांचं म्हणणं.

वायरिंग दत्तारामनी केलं. म्हणजे हात मालनताईंचे. आत ऊन पडल्यासारखी तापलेली एक जागा हवी होती. तिथे ओट्याचा उरलेला कडाप्प्याचा तुकडा ठेवला आणि त्याच्या वर दोन मोठे हॅलोजन दिवे, चिनीमातीच्या होल्डरमध्ये. शिवाय माती किती तापली ते बघून दिवे बंद-चालू करणारं यंत्र, डॉक्टरांनी मागवून दिलेलं. मी इलेक्ट्रिशियनला बोलावतो म्हटलं तर दत्तारामनी डाव्या हाताने नाही केलं. खुर्ची हौदाच्या जवळ ओढायला लावली. पेन्सिलीने भिंतीवर वाकडीतिकडी रेघ काढून दाखवली, वायर कुठून न्यायची ती. मालनताईंनी आयुष्यात स्क्रू-ड्रायव्हर धरला नव्हता.

“उलटा,” दत्ताराम म्हणायचे. त्या काढायच्या. “परत.” त्या परत लावायच्या. अर्ध्या तासाचं काम दिवसभर चाललं. संध्याकाळी बटण दाबलं आणि घरातले सगळे दिवे गेले. दत्तारामनी डोळे मिटले, मग बोट दाखवलं. दुसऱ्या होल्डरकडे. तिथे वायरीचा एक बारीक तंतू बाहेर राहून शेजारच्या स्क्रूला टेकला होता. तो कापला. दिवे लागले. कडाप्प्यावर पिवळं ऊन पडलं. दत्ताराम बराच वेळ त्याकडे बघत होते. मालनताई म्हणाल्या, तोंड उघडा, आणि त्यांना पेज भरवायला लागल्या, कारण भरवायची वेळ टळून गेली होती.

अकरावा दिवस उजाडला तेव्हा सगळं तयार होतं, फक्त माती गार होती. डॉक्टर येऊन थर्मामीटर खुपसून बघून म्हणाल्या, आणखी चार-पाच अंश हवेत, एक-दोन दिवस तरी लागतील. घोरपड एव्हाना जुन्या काचेच्या पेटीत मलूल पडून होती, उकरायचंही तिने सोडलं होतं. मालनताईंनी घरातल्या दोन आणि शेजारच्यांकडून आणखी तीन शेकायच्या पिशव्या गोळा केल्या, गरम पाणी भरून टॉवेलात गुंडाळल्या आणि मातीत पुरल्या. दर तीन तासांनी बदलायच्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा बघितलं आणि हो म्हणाल्या.

तिला आत सोडलं. ती सरळ कोपऱ्यात जाऊन, तोंड भिंतीकडे करून पडली. आम्ही चार-पाच जण काचेला डोळे लावून उभे. मालनताईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि काचेवर जुनी हिरवी चादर लावली, वॉर्डात पडदा लावतात तशी. “मोकळं व्हायचं तर बघे नकोत,” म्हणाल्या. दत्तारामना पुढच्या खोलीत नेलं. टीव्ही बंद. दोन दिवस ती हलली नाही. तिसऱ्या दिवशी चादरीआडून माती उडाल्याचा आवाज आला. मग तीन दिवस तेच. इथे खणते, सोडते, तिथे खणते. मालनताई चादरीची कड बोटभर सरकवून बघायच्या आणि सोडायच्या. डॉक्टरांना फोन करून सांगायच्या, अजून नाही. त्या मागच्या खोलीतच जमिनीवर चटई टाकून पडत. सुलक्षणाने विचारलं, तुम्ही असून तिला काय उपयोग? त्यांनी चटई चादरीच्या आणखी जवळ ओढली.

सातव्या दिवशी सकाळी साडेसातला त्या दोन जिने चढून वर आल्या, आमच्या दारात उभ्या राहिल्या.

“मोकळी झाली,” म्हणाल्या.

आणि तिथेच पायरीवर बसल्या. सुलक्षणाने चहा आणला. कप हातात घेतला आणि तसाच धरून त्यांचा डोळा लागला. तिने हळूच कप काढून घेतला. अर्धा तास त्या जिन्यात, भिंतीला डोकं टेकून झोपल्या. शाळेत जाणारी मुलं त्यांना वळसा घालून उतरत होती.

मी खाली जाऊन पाहिलं. घोरपड दिव्याखाली कडाप्प्यावर पसरली होती, अंगभर माती, दोन्ही कुशी आत गेलेल्या, कातडी लोंबणारी. मागच्या कोपऱ्यातली माती वरून घट्ट थापलेली. डॉक्टर आल्या, चमच्याने हळूहळू उकरत गेल्या. कोपरभर खोल गेल्यावर अंडी लागली. मऊ, पांढरी, सव्वीस. मालनताई जवळ उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, एकातही नाही? डॉक्टर म्हणाल्या, नर नाही ना काकू, एकातही नाही. मालनताईंनी मान हलवली. मागच्या दाराबाहेर कुणीतरी लावलेलं पपईचं झाड आहे, त्याच्या मुळाशी त्यांनी खड्डा केला आणि अंडी पुरली. दत्ताराम दारात खुर्चीवर बसून बघत होते.

जाताना डॉक्टरांनी सांगितलं की हे पुढच्या वर्षीही होऊ शकतं. अशी घोरपड नीट ठेवली तर आणखी सहा-सात वर्षं सहज जगेल. मालनताई म्हणाल्या, “म्हणजे दर वर्षी बाळंतपण. ठीक आहे, आता जागा तरी आहे.” पण डॉक्टर गेल्यावर त्या सुलक्षणाला म्हणाल्या की सहा-सात वर्षं हे आपल्याच्याने निभेल का कुणास ठाऊक.

सुबोधने फोनवर सगळं बघितलं, हौद, दिवे, वडिलांनी भिंतीवर काढलेली रेघ. तो रडला, माफी मागू लागला. मालनताईंनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, माफी राहू दे, दर वर्षी याच सुमाराला पंधरा दिवस रजा काढून ये. तो हो म्हणाला. या वर्षी तो आला, पंधरा नाही, नऊ दिवस. काचेचं एक दार अडकत होतं ते त्याने दुरुस्त केलं.

तळमजला काही सुखाचा नाही. डास आहेत. पावसाळ्यात एकदा घोट्याएवढं पाणी शिरलं, तांदळाचा डबा भिजला. माती मात्र कोरडी राहिली. आधी तक्रार करणारे सदस्य अजूनही तक्रार करतात, आणि ते पत्र शेवटी मी मीटिंगपुढे ठेवलं. वास येत नाही असं त्यांनाही मान्य करावं लागलं. दत्ताराम रोज दुपारी मागच्या दारात बसतात. त्यांचं बोलणं सुधारलं असं मी म्हणणार नाही. पण येणारा-जाणारा थांबतो, बोलतो, त्यांना ते ऐकावं लागतं आणि कधी कधी उत्तरही द्यावं लागतं.

गेल्या ऑक्टोबरात मालनताईंना चिकनगुनिया झाला. सांधे असे धरले की कूस बदलता येईना. जेवण सुलक्षणा पोचवत होती. दत्तारामचं सकाळचं करायला मथुरा गोराईहून येऊन राहिली. घोरपडीला हात लावायला मात्र दोघीही तयार नव्हत्या. मी चौथ्या दिवशी खाली गेलो तर दत्ताराम खुर्ची काचेला लावून बसले होते. मांडीवर ताटली, डाव्या हातात चिमटा. काच हातभर सरकवलेली. चिमट्यात गोगलगायीचा तुकडा धरून ते आत न्यायचे, घोरपड मान वर करून थांबायची. तिला घाई नव्हती. त्यांनाही नव्हती. एका ताटलीला पाऊण तास लागायचा.

मालनताईंना बरं व्हायला तीन आठवडे गेले. उठल्यावर पहिल्या दिवशी त्या चिमटा घ्यायला गेल्या, तर दत्तारामनी तो दिला नाही.

“माझा,” म्हणाले.

मालनताई पुढच्या खोलीत जाऊन खाटेवर आडव्या झाल्या. दुपारचे बारा वाजले होते, भांडी पडलेली होती, नळाला पाणी होतं. सुलक्षणा डबा घेऊन गेली तेव्हा त्या गाढ झोपल्या होत्या, आणि तिने त्यांना उठवलं नाही.